बारकीच्या वाटचं पाणी

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पुन्हा बोलावणं आलं. ही पाचवी खेप. दुकानात एका आजोबांच्या जाड काचेची कड घासत होते, चाकावर पाण्याची धार चालू होती, तेवढ्यात फोन वाजला. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाई नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाल्या, “किडनी आहे. काही खाऊ नका, लगेच निघा.” मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, “जा तू. आजोबा उद्यापर्यंत आंधळे राहतील, काही बिघडत नाही.”

यादीत माझं नाव वर असतं, कारण माझं कुणाशी जुळत नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण ज्याला मिळणं अवघड त्याला आधी विचारायचं असा नियम आहे. मेलेल्या शंभर माणसांपैकी अठ्ठ्याण्णव माझ्या रक्ताला चालत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पूर्वी आत आलेल्यांना तुमच्या रक्तानं ओळखून ठेवलंय, त्यांच्यासारखं कुणी दिसलं की ते अंगावर धावून जातं. आत आलेले म्हणजे कोण, तर पोटातच गेलेलं माझं बाळ, तेव्हा चढवलेल्या रक्ताच्या पिशव्या, आणि आईची किडनी. ती आठ वर्षं चालली आणि बंद पडली. बंद पडलेली काढत नाहीत. आई जाऊन तीन वर्षं झाली, पण तिची किडनी अजून माझ्या पोटात उजवीकडे आहे. मला तिच्याशी बोलायचं असलं की मी तिथे हात ठेवते, आणि रक्त मात्र तिच्यावर दात खाऊन आहे.

म्हणून माझ्याबरोबर नेहमी एक राखीव पेशंट बोलावतात. माझं रक्त आणि गेलेल्याच्या पेशी एका नळीत घालतात. पेशी मेल्या की मी घरी जायचं आणि किडनी राखीव माणसाला. आज राखीव होते मास्तर, डायलिसिसला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे, गणिताचे. मला बघून त्यांचा चेहरा उजळला आणि मग त्यांना त्याचीच लाज वाटली. “बाई, तुमच्याबरोबर बोलावलं की माणसाचं काम होतं म्हणतात,” ते म्हणाले. मी म्हटलं, “हो ना. मी आता कमिशन सुरू करणार आहे.”

पुढचं लिहायला नको, पण लिहिते. नेहमीची लिफ्ट बंद होती म्हणून मला गाऊन घालून, स्ट्रेचरवरून दुसऱ्याच मजल्यावरून नेत होते. बाकावर एक म्हातारा बसला होता. बोटांना पाइपाच्या जोडाला लावायचा सफेदा वाळून बसलेला. तो उठून जवळ आला. “तूच ना?” तो कोण ते मला लगेच कळलं. गेलेल्याची माणसं आणि आमची गाठ पडू नये म्हणून हॉस्पिटलवाले जिवाचं रान करतात. अजून ठरलेलं नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हणाले, “हो.”

“आमची बारकी आहे,” तो म्हणाला. “जप.” मग त्यानं माझा नंबर मागितला आणि मी तो दिला.

तपासणीचं उत्तर नेहमीचंच आलं. बारकीच्या पेशी माझ्या रक्तात मेल्या. मास्तर आत गेले. मी बसनं घरी आले. वहिनीनं काही न विचारता ताट वाढलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मास्तरांचा फोन. घरी आलेत. आवाज असा की बोर्डात आलेत. “बाई, काल किती झाली माहितीये? अडीच लिटर!” लघवीबद्दल माणूस इतक्या अभिमानानं बोलू शकतो, हे आमच्याच लोकांना कळेल. मी मनापासून अभिनंदन केलं, म्हणजे बऱ्यापैकी मनापासून. मला गेली सहा वर्षं एक थेंब झालेली नाही.

फोन ठेवते न ठेवते तोच परत वाजला. अनोळखी नंबर.

“मी बारकीचा बाप. कशी आहे?”

कोण कशी आहे ते त्यांनी सांगितलं नाही. मी म्हणाले, “बरी आहे.”

“पाणी सुरू झालं?”

“झालं.”

“किती?”

“अडीच लिटर,” मी म्हणाले.

 पलीकडून नाक शिंकरल्याचं ऐकू आलं. पुढच्या वेळी खरं सांगेन. आज त्यांना एवढं ऐकू दे, त्यात कुणाचं काय जातंय?

रविवार, २३ फेब्रुवारी

काका आले होते. (आता काकाच म्हणते.) पत्ता मीच दिला. दादा-वहिनी रविवारी वहिनीच्या आईकडे जातात, तेव्हाची वेळ दिली. का दिली ते मला विचारू नये.

तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुतलेले. नव्या किडनीच्या माणसाला जंतू चालत नाहीत असं कुणाकडून तरी कळलं होतं त्यांना. दाराशीच बसले. प्लंबर माणूस, आधी नजर गेली ती छताच्या ओलीकडे. मग माझ्याकडे. मी लांब बाह्यांचं घातलं होतं, डायलिसिसच्या सुयांचा हात झाकायला.

त्यांनी सगळं सांगितलं. बारकी सव्वीस वर्षांची. कुरिअरची गाडी चालवायची. शिट्टी छान वाजवायची आणि नको तिथे हसायची. सकाळी दात घासताना डोक्यातली शीर फुटली. “आवाज आला म्हणून गेलो. खाली पडलेली. नळ चालूच होता. मी आधी नळ बंद केला,” काका म्हणाले. “सवय. आधी नळ बंद केला आणि मग तिच्याकडे वळलो.” हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग पिशवीतून स्टीलची बाटली काढली. बारकीची. “डॉक्टर म्हणाले असतील ना, दिवसाला तीन लिटर? पाणी फिरतं राहिलं पाहिजे गं, नाहीतर लाइन धरते, तुंबते. पी बघू माझ्यासमोर.”

मला दिवसाला तीन पेले पाण्याची परवानगी आहे, त्यात औषधं आली, चहा आला. मी दिवसभर पाण्याच्या धारेशी उभी राहून काचा घासते आणि ओठ ओले करायला बर्फाचा खडा चघळते. मी बाटली तोंडाला लावली. घटाघटा, सगळी. डोळ्यांतून पाणी आलं. काकांना वाटलं बारकीसाठी आलं. असेलही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

काट्यावर उभी राहिले तर टेक्निशियन म्हणाला, “शुक्रवारपासून पावणेचार किलो? विहिरीत पडला होतात का?” मी म्हटलं, “पाहुणे आले होते.” म्हणाला, “मग पाहुण्यांना पाजायचं, आपण नाही.” मशीननं एवढं पाणी ओढलं की पायात गोळे आले, ओरडले. शेजारच्या मास्तरांच्या खुर्चीवर आता एक मुलगी असते, ती घाबरली.

रविवार, २ मार्च

पुन्हा आले. दीड बाटली. मी शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला तर काका हसले. “अगदी तिच्यासारखं, फुसकं.” पण गेल्या रविवारी म्हणाले होते की ती छान वाजवायची. कोणतं खरं ते मी विचारलं नाही.

मंगळवार, ४ मार्च

वहिनीला संशय आलाय. “अगं, रविवारी घरी कोण येतं? ओट्यावर दोन पेले होते. सांग ना, मी दादाला बोलणार नाही. मला फक्त त्याला एकदा बघायचंय.” मी लाजले. खरंच लाजले, कारण मला ते बरं वाटलं. वहिनी पुढे म्हणाली, “दिसायला बरा आहे का? की चष्मेवाल्याकडे येणारं गिऱ्हाईक, दिसतच नसेल त्याला?” आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसताना मला धाप लागली.

रविवार, ९ मार्च

झोपायला आडवी झाले की छातीवर कुणीतरी येऊन बसतं. पहिल्यांदा घाबरले. मग वजनावरून ओळखलं. बारकी हलकी होती म्हणतात काका, पण मेलेल्या माणसाचं वजन वेगळं असेल. उठून बसलं की ती उतरते. मी तीन उश्या रचते आणि बसून झोपते, म्हणजे तिलाही मांडीवर जागा होते.

पाच जणांना माझ्या रक्तानं हाकललं. पहिले चार गेले ते गेलेच. हीच एक परत आली. तिला माझ्याकडे यायचं होतं आणि नळीतल्या त्या थेंबभर रक्तानं सगळा घोटाळा केला, असं मला वाटतं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

बुधवार, १२ मार्च

डायलिसिसच्या वेळी कोऑर्डिनेटर बाई येऊन बसल्या. बातमी चांगली आहे म्हणे. माझ्यासारख्यांसाठी आता फक्त आपल्या शहरात नाही, लांबलांबच्या सगळ्या सेंटरांमध्ये शोधणार. शंभरात दोन म्हणजे हजारात वीस, त्या म्हणाल्या. कधीतरी एक मिळेलच. फक्त तुम्ही तब्येत सांभाळा, छाती स्वच्छ ठेवा, वजन वाढू देऊ नका. मग माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून म्हणाल्या, “काही होतंय का?” मी म्हटलं, “दुकानात उभं राहून.”

आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, कुणी नवं आलं तर बारकीचं काय?

रविवार, १६ मार्च

काकांनी आमच्या संडासाची टाकी दुरुस्त केली. वर्षभर गळत होती, दादाला सांगून वहिनी थकली. मी चार तास त्यांच्यासमोर बसून पाणी पीत होते आणि एकदाही उठले नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. ते मात्र काही बोलले नाहीत. टाकीचं झाकण लावता लावता म्हणाले, “आता चालव की एकदा, बघू आवाज.” मी आत जाऊन नुसतीच साखळी ओढली. पाणी भळभळ गेलं. बाहेर आले तर काका डोळे पुसत होते.

आज डावीकडे काहीतरी हललं. उजवीकडे आई आहे, तिचं मला माहीत आहे, ती हलत नाही. हे डावीकडे.

गुरुवार, २० मार्च

मास्तर दुकानात आले, वाचायचा चष्मा करायला. ओळखलंच नाही मी. गाल भरलेत, रंग उजळलाय. बसल्या बसल्या दोनदा आमच्या मोरीत जाऊन आले आणि दोन्ही वेळा विजयी मुद्रेनं बाहेर आले. “बाई, ज्याची कुणाची आहे त्याला मी रोज सकाळी नमस्कार करतो,” म्हणाले. “तो पुरुष की बाई तेही सांगत नाहीत हो.”

मी त्यांच्या डोळ्यांमधलं अंतर मोजत होते. तीनदा मोजावं लागलं. एक शब्द बोलले असते तर दोघांचं भलं झालं असतं, काकांचं आणि मास्तरांचं. पण माझ्या मनात आलं ते असं की तुमच्याकडे नुसती किडनी आहे, ती स्वतः येते ती माझ्याकडे. इतका मत्सर मला सवतीचासुद्धा वाटला नसता. मास्तर गेल्यावर खुर्चीत बसून धाप खाली बसवली. मालक म्हणाले, “घरी जा.” नाही गेले.

रविवार, २३ मार्च

दोन बाटल्या. शेवटची मीच मागितली. काका म्हणाले, “शाबास.”

आज ती उठून बसलं तरी उतरत नाही. तिचा श्वास माझ्या छातीत बुडबुडतोय, मला ऐकू येतोय. वहिनी आली वाटतं

गुरुवार, २७ मार्च

हॉस्पिटल. आज लिहिता येतंय.

फुफ्फुसात पाणी भरलं होतं. रविवारी वहिनीनं माझे ओठ निळे पडलेले बघितले आणि अँब्युलन्स बोलावली. लगोलग डायलिसिस, ऑक्सिजन. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, खालचा अर्धा भाग पांढरा. “हे पाणी,” ते म्हणाले. मी नीट बघितलं. पाणीच होतं. दुसरं कुणी त्यात नव्हतं. मला एवढं रडू आलं की डॉक्टरांना वाटलं मी घाबरले. आता तिथेच जंतू धरलेत, ताप आहे, नाकात नळी आहे.

वहिनीला वाटलं, त्या रविवारच्या माणसाला कळवायला हवं. माझ्या फोनमधून तिनं काकांना बोलावलं. तिला तरणाताठा कुणी येईल असं वाटत होतं. आले ते मास्क लावून, हात धुऊन, सत्तरीचे काका. मी मशीनवर होते. माझ्या हातातून रक्ताच्या दोन नळ्या जातायत आणि येतायत, हे त्यांनी शांतपणे बघितलं. नळ्या कुठून कुठे जातात ते प्लंबरला कुणी सांगावं लागत नाही.

“बंद पडली?” त्यांनी विचारलं.

मी चादर नळ्यांवर ओढली.

“माझं काय चुकलं? पाणी कमी पडलं का गं?”

तेव्हा मी सांगितलं. नळीतल्या पेशींपासून सगळं. “बारकी माझ्यात कधी आलीच नाही, काका. माझ्या रक्तानं तिला घेतलं नाही. ती दुसऱ्या एका माणसात आहे. कोण ते सांगायची मला परवानगी नाही. पण मी गेल्या आठवड्यात त्यांना बघितलं. एकदम ठणठणीत आहे तिची किडनी. रोज अडीच लिटर, ते खरं आहे. ते त्यांचं होतं.”

वहिनी तोंडावर हात ठेवून उभी होती. काका खाली बसले. बंद पडली नाही, हे त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. चेहरा हसरा व्हायला लागला आणि मध्येच थांबला.

“मग तू पाणी का प्यायलीस?”

 ते उठले, येताना आणून खाटेच्या कडेला ठेवलेली बारकीची बाटली पिशवीत टाकली आणि गेले.

शनिवार, २९ मार्च

आज सकाळी कोऑर्डिनेटर बाई धावत आल्या. एवढ्या सगळ्या दिवसांत त्यांना मी धावताना बघितलं नव्हतं. लांबच्या एका शहरातून किडनी निघाली आहे, बर्फाच्या पेटीत. तिकडून आलेल्या माहितीवर जुळतेय. आजारी पेशंटचं नाव यादीतून तात्पुरतं काढतात. माझं काढायचा कागद येत्या सोमवारी जाणार होता, म्हणून नाव अजून यादीत होतं. त्यांनी माझं रक्त घेतलं.

दुपारी उत्तर आलं. पेशी जिवंत आहेत. माझ्या रक्तात, तासभर, सगळ्या जिवंत. डॉक्टरांनी लॅबला परत करायला लावलं. परत तेच. एक नर्स टाळ्या वाजवायला लागली. दादा, जो कधी हात लावत नाही, त्यानं माझं डोकं छातीशी धरलं.

मग भूलतज्ज्ञ आल्या. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ हलवत राहिल्या. ताप बघितला. नाकातली नळी काढून बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली जाताना बघत राहिल्या आणि नळी परत लावली. “हिला झोपवलं तर मी परत उठवू शकणार नाही,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या, मला नाही. दादा त्यांच्याशी भांडला. किती वाट बघता येईल, एक दिवस, अर्धा दिवस? पेटीतल्या किडनीला तेवढा वेळ नव्हता.

पहिल्यांदा रक्त हो म्हणालं आणि छातीनं नाही म्हटलं. राखीव म्हणून एक बाई आली होती, तीन मुलांची आई. तिला आत घेतलं. माझ्या दारावरून नेताना तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर म्हणाले, अशी जुळणारी परत येईल. त्यांनी आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही.

रविवार, ३० मार्च

काका आले. वहिनीनं त्यांना सगळं सांगितलं होतं, शनिवारचंही. बसले नाहीत. खाटेच्या पायाशी उभे राहून म्हणाले, “मी पाजलं तुला. माझ्या हातानं ओतलं मी.”

“तुम्हाला कुठे माहीत होतं?”

“टाकी दुरुस्त केली त्या दिवशी कळायला हवं होतं. चार तास बसलीस आणि उठली नाहीस. माझ्या डोक्यात आलं होतं गं. मी येऊ दिलं नाही.” ते खूप रडले. प्लंबरचे जाड हात, डोळे पुसताना मास्कच ओला झाला. मग पुन्हा तेच विचारलं, पण या वेळी रागानं नाही. “का प्यायलीस?”

“तहान लागली होती, काका,” मी म्हणाले. “सहा वर्षांत मला कुणी पी म्हणालं नव्हतं.”

त्यांनी मान हलवली. जाताना विचारलं, कालची किडनी कुणाची होती, कुठली. मी म्हटलं, सांगत नाहीत.

सिस्टर सांगत होती, वरच्या मजल्यावर त्या बाईला टेबलावरच लघवी सुरू झाली. मी विचारत नव्हते, ती आपणहून सांगत होती. बारकी आली नव्हती, ते पाणी होतं, हे मला आता पटलंय. ज्यांना रक्तानं नाकारलं त्यांच्यातलं कुणीच कधी आलं नाही. पण कालची किडनी ज्या माणसाची, त्याला माझ्या रक्तानं आपलं म्हटलं होतं. आईला जे म्हटलं नाही, बाळाला म्हटलं नाही, ते त्याला म्हटलं. तो वर चुकीच्या पोटात आहे आणि त्याला ते माहीत असणार. आज सकाळपासून छाती मोकळी आहे, ताप उतरलाय, त्यामुळे तो येईल असं जे वाटतंय ते पाण्याचं नाही.

मी उजव्या कडेला सरकून झोपले आहे, डावीकडे एका माणसापुरती जागा ठेवून. सिस्टर म्हणाली, अशा कडेला का झोपलात, पडाल. मी म्हटलं, राहू द्या.